आईची स्लाइड आणि इतर मालमत्ता

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतील निवृत्त तंत्रज्ञ, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस घातलेले नसताना स्वहस्ते लिहून ठेवते की, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. डोक्याबद्दल शंका असल्यास डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहती दोन खोल्यांची जागा थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. तो नको म्हणेल. तरी त्यालाच.

२. बँकेतील शिल्लक प्रयोगशाळेतल्या सफाईच्या मावशींना. रोज सूक्ष्मदर्शकाखाली पहिली स्लाइड लावण्याआधी मी हात जोडत असे. मोठे डॉक्टर म्हणत, "बाई, इथे हात धुवायचे असतात, जोडायचे नसतात." सगळे खो खो हसत. मावशी तेवढ्या म्हणाल्या, "एवढं काय दिसतं त्यात? मलापण दाखवा की." मोठ्या डॉक्टरांना काहीही देऊ नये.

३. माझा सूक्ष्मदर्शक आणि पेटीतली एक स्लाइड, तीही दादाला. बावीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो मला न्यायला प्रयोगशाळेत आला होता. नमुन्यांवर फक्त आकडे असत. भिंगाखाली जांभळ्या पेशींची दाटी होती. रक्ताचा कर्करोग आहे हे मला कळले होते, पण माणूस दिसत नव्हते. मी ओरडले, "दादा, बघ, बघ! देवाने काय नक्षी काढलीये!" त्याने पाहिले. मग मी वहीत आकडा शोधला. आईचा होता.

"आई मरायला टेकलीये आणि तुला नक्षी दिसते? परत देवाचं नाव घेऊ नकोस," असे म्हणून तो गेला. तीन महिन्यांनी आई गेली. तेव्हापासून तो माझा उंबरा चढलेला नाही.

चूक माझी, कबूल. पण नक्षी होती, हेही खरे. ज्याने ती काढली त्याच्याशी मी भांडले, रडले, आणि पुन्हा हात जोडूनच कामाला बसले. फक्त एकट्याने थक्क होण्यात जीव रमत नाही. अजूनही मी "अरे, बघ ना" म्हणते, तर शेजारी रिकामी खुर्ची असते.

४. दादाने ती स्लाइड पुन्हा एकदा पाहावी, तरच जागा मिळेल, अशी अट मी घातली होती. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, तो बघेल तेव्हा तुम्ही कुठे असणार?" अट रद्द केली आहे. या कागदाची एक प्रत आजच दादाच्या पत्त्यावर पाठवत आहे.

दादा, मला फार एकटे वाटते. मी आहे तोवर ये. भिंगात नाही पाहिलेस तरी चालेल.

साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई (सही)
२. कोपऱ्यावरचे चष्मेवाले (सही)

लिहून ठेवणार: दादाची धाकटी बहीण (सही)

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: बारा मार्च. दुपारी मी घरीच असते.