झुंबरच्या वाटेवर राळे टाकण्याबाबत

मी, गेणू वल्लद कोंडाजी केदारी, वय अदमासे सव्वीस, धंदा फिरस्ती, राहणार... इथंच टाक अडला. राहणार कुठला म्हणून लिहू? घाटातल्या स्टेशनावर पाणी भरलं, लोणावळ्यात चिक्कीवाल्याच्या कढईत गूळ ढवळला, साहेबलोकांच्या घोड्यांना खरारा केला. सध्या वलवणला एका मुंबईकर शेटच्या बंद बंगल्याची राखण करतो आणि झोपतो तबेल्यात. तबेल्याला उंबरा नसतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यामुळंच झालं.

अंगात जोर नसला तरी डोकं ठिकाणावर आहे. प्यालेलो नाही. कोणी मानगुटीवर बसून लिहवून घेत नाही. शिक्षण मराठी तिसरीपर्यंत, तीही पुरी नाही, तेव्हा कायद्याच्या बोलीत चूक निघाली तर मतलब धरावा. वडगावच्या कचेरीत जाऊन नोंद करण्याइतकं माझ्याने आता चालवत नाही. हे वाचून दाखवायचं ते कुसगावात दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, विठाबाईला. तिच्या दादल्यालाही, तो गप बसून ऐकेल तर.

कलम पहिले. जमीन. कार्ल्याच्या वाटेवर बापाची मुरमाड पट्टी आहे ती विठाबाईला. बाप म्हणायचा, गेणू, तुझ्या पायाला भोवरा आहे, तू ही कसायचा नाहीस. यंदा कसली. राळे पेरले. चांगले आले, मळून पोत्यात भरून ठेवलेत. त्या पोत्यांना कोणी हात लावू नये, शिजवू तर मुळीच नये. का ते चौथ्या कलमात.

कलम दुसरे. चीजवस्तू. खरारा आणि लगाम माझा दोस्त राजमहंमद गाडीवान याला. त्याच्याजवळ ठेवायला दिलेली शिल्लकही त्यालाच, त्याने घोडीला हरभरा घालावा, तिच्या फासळ्या दिसतात. त्याला मी कितीदा सांगितलं, की लोणावळा ते खंडाळा चढावर चार माणसं बसवू नकोस, पण तो म्हणतो, "पाव्हणं हवा खायाला येत्यात, घोडीबी हवाच खाती." असो. घोंगडी स्टेशनावरच्या मुकादम अंबाजीला, ज्याने मला भरल्या बादलीसकट लाथ मारली होती. घोंगडीत पिसवा आहेत. त्याही त्यालाच.

कलम तिसरे. झुंबर. हे कलम कोणत्या कोर्टात चालायचं नाही, पण कागद मी हिच्यासाठीच लिहायला घेतला.

झुंबर ही वाकसईच्या महिपतीची पहिली बायको. मानमोडीच्या साथीत, पोटात पोर असताना वारली. जिवंतपणी मी तिला पाहिली नाही. गेल्याच्या गेल्या श्रावणात, भर दुपारी, हातभरापलीकडचं दिसू नये अशा धुक्यात ती तबेल्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. शेटच्या घोडीने दावं तोडलं.

"घर कुटं रं तुजं?" तिने विचारलं.

"न्हाई."

"मंग मला आडवनार कोन?" असं म्हणून ती आत आली आणि गवतावर बसली.

मला वाटलं, कुणाची तरी रुसून आलेली सून. भाकरी पुढं केली तर हसली. निघताना तिने पाठ फिरवली नाही, माझ्याकडे तोंड ठेवूनच मागं मागं धुक्यात गेली. हडळीची पाठ पोकळ असते म्हणतात. मी अजून पाहिलेली नाही. तिला दाखवायची नव्हती, मी दाखव म्हटलं नाही. लग्नाची माणसं एकमेकांचं एवढं राखतात का, मला ठाऊक नाही.

लोक म्हणतील, रक्त पिते. पिते. मनगटाशी तोंड लावते, मग तिचे गाल जरा जित्या बाईसारखे होतात आणि ती बोलत बसते. माहेरची शेळी, हरवलेलं जोडवं, महिपतीने दुसरी केली तिचं नाक कसं आहे. असं कोणी माझ्याशी बोलत बसलं नव्हतं. डॉक्टर माझ्या दुखण्याला क्षय म्हणाले. म्हणोत.

एकदा मी तिला म्हणालो, "मलाबी तुज्यासारखा कर."

"येड्या, हितं काय दोघांची चूल मांडलीया?" ती एकदम भडकली. "माज्या पोटातलं आजून हलतंय. त्येला जलम न्हाई, मरान न्हाई. मी ह्येच पोट घिऊन हिंडायची, डोंगार झिजंस्तवर. त्येचा हेवा करतोस व्हय रं?"

मग मी वाकसईला तिच्या सासूकडे, धोंडाबाईकडे, गेलो. गरवार बाई मेली तर आपल्यात काय करतात हे सगळ्यांना माहीत आहे. घराच्या उंबऱ्याला खिळे ठोकायचे, आणि तिरडीमागून मसणवाटेपर्यंत राळे टाकत जायचं. बाई परत फिरली की तिला दाणा न दाणा वेचावा लागतो. दिवस मावळला की वेचलेलं सांडतं आणि पहिल्यापासून सुरू. अशी ती वाटेवरच राहते, कोणाच्या दारी जात नाही. मी धोंडाबाईला विचारलं, "मावशी, राळं टाकलं व्हतं का?"

ती जात्यावर बसली होती. थांबली नाही. "न्हाई टाकलं. त्या साली दुष्काळ, घरात तेवडंच धान. चुलीपाशी दोन नातवंडं रडत व्हती. मेलेलीच्या वाटंवर सांडू का जित्याच्या तोंडात घालू? शिजवलं मी."

"आन खिळं?"

"खिळं ठोकलं. लोखंड कोन खातंय?"

मी उठलो तेव्हा तिने जातं थांबवलं. "तुला दिसती का रं ती?"

"व्हय."

"लय वाळलीया का?"

मी नाही म्हणालो. विठा, ह्या बाईला कोणी नावं ठेवू नयेत. तुझ्या चुलीपाशी पोरं रडत असती तर तूही शिजवलं असतंस.

आता तुझ्या घरचं. गेल्या वैशाखात मी आजारी म्हणून तुझ्याकडे पडून होतो आणि दुपारी अंगणात एक बाई पाणी मागायला आली, ती आठवते? ती झुंबर. ज्याला उंबरा आहे अशा घरात तिला बोलावल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. तू तिचं वाढलेलं पोट बघितलंस आणि म्हणालीस, "उन्हात का गं बाई? ये की, आत ये." तुझं चुकलं नाही. दारातल्या गरवार बाईला दुसरं काय म्हणतात? पण पाळण्यात तुझी लेक होती.

झुंबर आत गेली नाही. पाणीही न पिता निघाली. त्यानंतर तबेल्यात आली ती बसलीच नाही.

"पोरीचा वास आला," म्हणाली. "माजा पाय उचलला व्हता. ह्या बारीला मागं घेतला. म्होरल्या बारीला घीन असं वाटंना. मला थांबीव. पडंल ते कर."

धोंडाबाईला विचारलं तर ती म्हणाली, एकदा तोंडाने बोलावल्यावर खिळा चालत नाही. राळेच हवेत, तेही प्रेतामागून टाकलेले, नाहीतर ते नुसतं पाखरांचं खाणं. आता दुसरं प्रेत मी कुठून आणू? माझंच आहे, जवळ आलेलं. म्हणून राळे पेरले. पेरताना झुंबर बांधावर बसून बघत होती. तोवर तिची भूक माझ्यावर भागते, तुझ्या दाराकडे जात नाही. विठा, माझी काळजी म्हणून मला इथून हलवू नकोस.

कलम चौथे. माझी तिरडी तुझ्या कुसगावच्या दारातून निघावी. राजमहंमद मला गाडीतून तिथवर आणील. झुंबर मागून येणार, तिला राहवायचं नाही. उंबऱ्यापासून इंद्रायणीकाठच्या मसणवाटेपर्यंत सगळी पोती रिकामी करावीत. टाकणारा हात धोंडाबाईचा असावा, ती सासू, तो तिचाच हक्क आहे. टाकताना झुंबरचं नाव घ्यावं. माझं घेऊ नये.

कलम पाचवे, शेवटचे. दहाव्याला माझ्या पिंडाला कावळा शिवणार नाही. मग चार माणसं हात जोडून म्हणतील, गेणू, तुझ्या मनात काय राहिलं असेल ते करू, तुला वचन आहे. विठा, हे वचन कोणालाही देऊ देऊ नकोस. माझ्या मनात काय राहील ते मला आजच ठाऊक आहे. मला त्या वाटेवर तिच्याशेजारी बसायचं आहे. आणि बसलो तर माझा हात गप राहायचा नाही. तिच्याबरोबर दाणे वेचीन. दोघांच्या हातांनी वाट दिवस मावळायच्या आत साफ होईल, आणि वाट तुझ्या दाराशी संपते. म्हणून थोडा वेळ बघा आणि दर्भाचा कावळा करून पिंडाला लावा. मागं न बघता घरी जा. मला साफ जाऊ द्या. तिने मला तिच्यासारखा केला नाही. तुम्हीही करू नका.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. राजमहंमदने सही करताना कागदावर बघितलं नाही. धोंडाबाईने दोन्ही शेवटची कलमं ऐकून घेतली. अंगठ्याला शाई लावल्यावर म्हणाली, "राळं मी चांगलं पाखडून घीन बाबा. कुसळ राहिलं तर येचताना बोटाला टोचंल तिच्या."

मौजे वलवण, तालुका मावळ, जिल्हा पुणे.
कार्तिक वद्य पंचमी, शके १८४३. तारीख २० नोव्हेंबर १९२१.

सही : गेणू कोंडाजी केदारी, दस्तुरखुद्द

साक्ष :
राजमहंमद, गाडीवान, लोणावळा बाजार. सही.
धोंडाबाई, वाकसई. डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी.