बसलेल्या कारंज्याचा हिशोब आपोआप बंद न करण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
संगणक विभाग,
दुसरा मजला, संशोधन संस्था.

विषय : माझ्या दिवंगत पतींच्या खात्यावर चालू असलेला संगणकीय हिशोब शुक्रवारी आपोआप बंद न करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या विभागाची सूचना (माझ्या पतींच्या नावे) आणि माझे यापूर्वीचे दोन अर्ज.

महोदय,

१. मी आपल्याच संस्थेत तळमजल्यावरील प्रयोगशाळेत काम करते. माझे पती आपल्या विभागाशेजारच्या खोलीत बसत. काम दोघांचे एकच होते. निमुळत्या तळाच्या उभ्या नळकांड्यात दाणे भरायचे आणि खालच्या भोकातून गरम हवेचा झोत सोडायचा. मधले दाणे कारंज्यासारखे उसळतात, कडेला पडतात, भिंतीलगत घसरत तळाशी येतात आणि पुन्हा झोतात सापडतात. बियाणे असे फिरते राहिले तर सगळीकडून सारखे वाळते. मी हे काचेच्या नळकांड्यात करते, ते संगणकात करीत. त्यांच्या संगणकात प्रत्येक दाणा वेगळा असे आणि तो कुणावर आदळला, हवेने त्याला किती ढकलले, याचा हिशोब क्षणोक्षणी होई. त्यांचे कारंजे नेहमी माझ्यापेक्षा उंच जाई. मी म्हणे, "तुझ्या दाण्यांना वजनच नाही, उडतील नाहीतर काय!" ते म्हणत, "तू आधी काच पूस, मग बोल." हे भांडण डबा खातानाही चाले.

२. सध्या चालू असलेला हिशोब हवा किती कमी केली असता कारंजे कोसळते, हे शोधण्यासाठी लावलेला आहे. त्याहून जास्त हवा म्हणजे फुकटचे जळण, आणि कमी हवा म्हणजे दाणे जागीच करपणार. म्हणून संगणकात हवा अगदी सावकाश कमी करत न्यावी लागते. असा हिशोब कुठे थांबावा हे इतर मंडळी आधीच लिहून ठेवतात. माझे पती लिहीत नसत. कारंजे बसताना पडद्यावर स्वतः पाहायचे आणि मग स्वतःच्या हाताने थांबवायचे, अशी त्यांची पद्धत होती. मी अनेकदा टोकले. त्यावर त्यांचे ठरलेले उत्तर असे, "दूध गॅसवर ठेवून कुणी बाहेर जातं का? मी आहे ना इथं." हा हिशोब लावून ते घरी आले आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या छातीत कळ आली. त्यानंतर ते त्या खोलीत परत गेले नाहीत.

३. त्यांचे निधन झाल्याचे मी आपल्या विभागास रीतसर कळवले. त्याचे उत्तर त्यांच्याच नावे आले : "आपल्या निधनाबाबतचा अर्ज मिळाला. तरी खातेदाराने ओळखपत्रासह समक्ष उपस्थित राहावे." मी ते पत्र घेऊन आपल्या लिपिकांकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि फार अवघडून म्हणाले, "बाई, मला सगळं कळतंय, पण खात्याचा अर्ज खातेदाराच्याच ई-मेल पत्त्यावरून यावा लागतो." माणूस भला आहे, त्यांना यात बोल लावू नये. हिशोबाला मुदतवाढ मागणाऱ्या माझ्या दुसऱ्या अर्जावर खातेदाराचे संमतीपत्र मागण्यात आले. खातेदार हयात नाही म्हणून शुक्रवारी खाते बंद होणार, आणि खातेदार आला तरच ते चालू राहणार, या दोन्ही गोष्टी एकाच पत्रात एकाच सहीखाली आहेत. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचले. माझेच डोके फिरले की काय, अशी शंका आल्याने दिरांकडूनही वाचून घेतले.

४. मुदतवाढीसाठी शास्त्रीय कारण द्यावे, असेही आपण म्हटले आहे. खोटे लिहिणे मला जमत नाही. शास्त्रीय कारण उरलेले नाही. सामाईक फोल्डरमधील आकडे मी पाहिले आहेत. कारंजे केव्हाच बसले आहे. ज्या हवेला ते बसले तो आकडा माझ्या काचेतल्या आकड्याशी जुळतो. आम्ही लग्नाआधीपासून ज्यावर भांडत होतो, तो पहिल्यांदा जुळला, आणि सांगायला माणूस नाही. तेव्हापासून आपले यंत्र हजारो निपचित दाण्यांची जागा प्रत्येक क्षणी नव्याने काढते आहे आणि कुणीही हलले नाही, एवढेच लिहिते आहे. रोज कामाला बसण्याआधी मी ते उघडून पाहते. एखादा दाणा हलेल, असे मला वाटत नाही. तरी पाहते.

५. या यंत्रासाठी विद्यार्थी रांगेत आहेत, याची मला जाणीव आहे. त्यांतली, भट्टीतल्या धुरावर संशोधन करणारी मुलगी स्वतः मला भेटली. "ताई, तुम्हाला घाई करायची नाही," एवढेच ती बोलली आणि रडू लागली. मग मलाच तिची समजूत घालावी लागली. तिचे वर्ष वाया जाऊ नये. सबब मी मुदतवाढीची मागणी या अर्जान्वये मागे घेत आहे.

६. विनंती एवढीच की, शुक्रवारी हे काम आपोआप सुटणाऱ्या आज्ञेवर सोडू नये. त्या खोलीचे कुलूप व ते खाते माझ्यासाठी थोडा वेळ उघडावे. रुग्णालयात श्वासाचे यंत्र बंद करायचे ठरले, तेव्हा मला खाली काउंटरवर सह्या करायला पाठवले होते. मी वर आले तोवर सगळे उरकले होते आणि चादरही नीट केलेली होती. त्याबद्दल माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. हा हिशोब मी थांबवीन. त्याची आज्ञा मला येते, एका ओळीची आहे. फक्त या वेळी मला आत असू द्यावे.

आपल्या होकाराची वाट पाहणारी,

(सही)
सहायक संशोधिका, तळमजला

दिनांक : बुधवार, सकाळ