लाभ, दोन, तीन

बाबा, मी कोण ते आधीच सांगते, नाहीतर तुमी विचारत बसाल. तुमची मधली पोरगी. तुमी बैलगाडी घेऊन अड्याळच्या बाजारात गेले अन् गाडी तिथंच विसरून पायी घरी आले, तेव्हा "गाडी कुठं आहे?" म्हणून जिनं विचारलं, ते मी. "पुढच्या साली हिचं नाव शाळेत टाकू," हेही तुमी दरसाली म्हणाले अन् दरसाली विसरले. म्हणून आता मी बोलून राहिली अन् माझी नात लिहून राहिली.

नात भंडाऱ्याले अकरावीत सायन्स शिकते. वर्ग सुरू झाले तेव्हा फिजिक्सच्या सरायनं एक कागद घरी पाठवला. प्रयोग सोताच्या हातानं कराचा, दिसलं तेच वहीत लिहाचं. उत्तर चुकलं तरी मार्क भेटन, चूक सोताच शोधली तर पुरे भेटन. नकल केली तर शून्य, मग आठ दिवसांत प्रयोग पुन्हा. वही उशिरा दिली तर अर्धा मार्क कापणार. खाली घरच्या मोठ्या माणसाची सही. मी अंगठा लावला. मले तुमचं खळं आठवलं. आठ-नऊ वर्षांची मी, समोर धानाची रास. कुडोचं माप भरून धान पोत्यात ओतलं की 'लाभ' म्हणाचं, एक म्हणाचं नाही, मग दोन, तीन. एकदा मी मापावर हात फिरवून सपाट न करताच ओतते, तर तुमी भरलं पोतं उलटं करता. "पुन्हा मोज." मी रडते, अन् मोजते.

पयल्याच प्रयोगात आमच्या पोरीले शून्य. दोरीले वजन बांधून झोके मोजाचे, त्यावरून धरती किती जोरानं ओढते ते काढाचं. हिनं पुस्तकातला आकडाच वहीत उतरवला. सर म्हणे, "तुमचा लंबक पुस्तक वाचून हालते काय?" घरी येऊन पोरगी आडवी पडली. "आजी, मी सायन्स सोडते."

"सोडजो. पण आठ दिवस आहेत ना? आधी दोरी आण."

ओसरीच्या लाकडाले मीटरभर दोरी बांधली, खाली जुन्या बैलाच्या गळ्यातली पितळेची घंटी. तिच्या हाती मोबाइलचं घड्याळ, मोजणारी मी. वीस झोके. तीनदा केलं. गणित केलं तर आकडा अकराच्या जवळ! पुस्तकात दहाच्याही खाली.

"आजी, थोडासा बदलू काय? कोणाले कळते?"

"त्या कागदावर माझा अंगठा आहे. बदलून तर पाह्य."

पोरगी तोंड फुगवून बसली. सात दिवस वही उघडली नाही. आठव्या दिवशी मी अंगणात धान मोजून राहिली होती. ओतलं, म्हटलं, "लाभ." तशी पोरगी उभीच राहिली.

"आजी, धान पोत्यात पडल्यावर लाभ म्हणतेस. घंटी सोडतानाच लाभ काहून म्हटलं? तेव्हा झोका झालाच कुठं होता?"

मी बोटावर मोजून पाहिलं. खरंच की! मी वीस म्हणत होती, तवा झोके एकोणवीसच झाले होते. नातीनं भागाकार पुन्हा केला अन् अशी ओरडली, का शेजारीण धावत आली. चुकीचा आकडा तिनं तसाच ठेवला, त्याखाली बरोबरचा, अन् चूक कशी झाली ते पानभर लिहिलं, त्यात आजीलेही घेतलं.

सर हसले म्हणे, वर्गाले वाचून दाखवलं. दहापैकी साडेनऊ. वही एक दिवस उशिरा झाली म्हणून अर्धा कापलाच! माणूस पक्का आहे. तुमच्या खळ्यावर ठेवण्यासारखा.

हे पत्र कुठं पाठवाचं नाही, नातीच्या त्याच वहीत ठेवाचं. पण एक सांगून टाकते. मले शाळा नकोच होती, असं मी साऱ्यायले सांगत आली, ते खोटं होतं. तो कागद ऐकला तवा वाटलं, आपणही त्या वर्गात बसावं, अन् आपलंही कोणी असं तपासावं. राग नाही, बाबा. मोजणं तुमीच तर शिकवलं.

अन् पोरी, सरायले लाखोरीच्या डाळीचे वडे पाठवाचे आहेत. लसूण जास्त टाकजो, गरम असतानाच डब्यात भरजो. पण मार्क त्यायच्या रजिस्टरात चढल्यावरच नेजो, आधी नाही. नाहीतर साडेनऊ आपल्या चुकीचे का वड्याचे, ते मलेही सांगता येणार नाही.