समुद्राकडे मी पाहिलंच नाही

शंकर नगर, रायपूर. गुरुवार, दिवेलागणीनंतर.

अंदमानहून दुपारी परतलो. सुनंदाची नजर वर्षभरही टिकणार नाही असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तर गेलो होतो. तिला गर्दी नको होती. सहलीवाले पोचत नाहीत अशा किनाऱ्यावर पाच दिवस बसलो. समोर पाणी, वर जंगली बदामाचं झाड. ती डोळे भरून पाहत होती. अन् मी? तिच्या पायांकडे. दगडांवरून ती पडेल, हीच धास्ती.

आज चहा घेताना तिनं विचारलं, "अहो, त्या बदामाची पानं कशी होती?"

मला तिचे पाय आठवले, तिची ओली चप्पल आठवली. झाड काही आठवेना. पुढे तर मलाच तिला सगळं सांगायचं आहे! काय करू मी?

"हिरवीगार," मी ठोकून दिलं.

"लाल झाली होती," ती हळूच म्हणाली. "तुम्ही काहून नाही पाहिलं?"

मग तिनंच हात धरून मला अंगणातल्या पेरूसमोर उभं केलं.

"आता पाहा, अन् मले सांगा."

मी पाहत राहिलो. डोळे असे भरून आले, की समोरचं काहीच दिसेना.