पदरावरून फोन

परंडा, १० फेब्रुवारी १९६१

चि. व्यंकट यास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सांगते अन् तुझी बायको लिहिते. तेव्हा अक्षर चारुशीलाचं, आगाऊपणा माझा.

पोस्टात फोन आलाय. कानाला लावून बघते म्हटलं, तर पोस्टमास्तर मार्तंडराव म्हणाले, पलीकडं कुणीतरी पाहिजे आजी. मला एक कळत न्हाय, आवाज तारेतून जातो तर तारेवरच्या चिमण्यांना ऐकू येतो का? मास्तर नुसते हसले. म्हणजे त्यांनाही ठाऊक न्हाय.

सोलापुरात खोली मिळतेय, चारुशीला यायला राजी आहे का, असं विचारलंस. मी विचारलं. म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. राहायचंय तिला का मला? माझ्यासमोर ती बोलायची न्हाय, अन् पत्रात तर मीच बोलते. म्हणून पुढल्या सोमवारी तू गिरणीतून इथं फोन लाव. (टाक थांबलाय बघ तिचा. लिही बाई.)

कळावे. माया आहेच, ती काय मागून घ्यायची?

तुझी आजी


सोलापूर, २१ फेब्रुवारी १९६१

ती. आजीस व्यंकटचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर आधी तुम्ही बोललात. इतक्या जोरात, की आमच्या हेडक्लार्कनंही तुमची खुशाली विचारली. मग चारुशीला आली अन् कानात नुसती खसखस, शब्द एक कळेना. खोलीचं विचारलं, तरी खसखस. तिला यायचंच नाही असं मी धरून चाललो. शेवटी एकाएकी तिचा आवाज स्वच्छ आला. खिडकीपाशी आजींची बाज मावेल का, असं विचारलं अन् लाईन गेली.

मावते. मापून आलो. खोलीवाल्याला होकार दिलाय, दोघी या.

आपला लोभ आहे तसाच राहू द्यावा.

व्यंकट


परंडा, १५ मार्च १९६१

चि. व्यंकट व चि. सौ. चारुशीला यांस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर बदललं म्हणून घाबरू नका, मी ठणठणीत आहे. हे मार्तंडरावांचं. सरकारी असून बरं लिहितात.

व्यंकट, खसखस कशाची ते सांगते. पोस्टात मी, मास्तर, शिवाय दुकानदार धोंडप्पा, सगळी वडीलधारी. तुझा आवाज आला तसा चारुशीलानं पदर घट्ट ओढला अन् फोन पदरावरूनच कानाला लावला. तोंडही पदरात. मग मी धोंडप्पाला बाहेर हाकललं, मास्तरांना भिंतीकडं तोंड करायला लावलं, अन् स्वतः पाठ फिरवली. मगच पदर सुटला असणार. म्या बघितलं न्हाय. ऐकलं मात्र. कान कुठं फिरवू?

तवाच ठरवलं. माझ्या बाजेसाठी अडलेली पोर, एकटी निघालीच नसती. म्हणून कुर्डुवाडीच्या गाडीत बसवताना म्हटलं, तू हो पुढं, पापड वाळले की येते मागनं. चारुशीला, रागावू नकोस. यंदा पापड केलेच न्हायत. खिडकीपाशी तू बस.

सोमवारी फोन लाव. आता पदर नको, काही नको, मोकळं बोल. पलीकडं कुणीतरी पाहिजे म्हणतात ना, तर मी पोस्टाच्या ओट्यावर बसलेली असते.

कळावे. बाकी तारेवर, चिमण्या ऐकोत न ऐकोत.

तुमची आजी