बायकोचं अपग्रेड

२८ एप्रिल, सोमवार. सकाळी ७.१०
विमान कंपनीचं ई-मेल आलं. प्रिय प्यो ग्वांग-सिक, तुमचा प्रवास आणखी सुखाचा करायचा आहे का?
प्रवास माझा नाही, बायकोचा आहे. ओक-जू १९ मेला व्हँकूव्हरहून येतेय. तिकीट माझ्या कार्डावर काढलंय, म्हणून कंपनी मलाच प्रिय म्हणते. बरं वाटलं.
इकॉनॉमीतून बिझनेस क्लासमध्ये जायचं असेल तर बोली लावायची. आकडा आपण टाकायचा, उड्डाणाच्या दोन दिवस आधी ते कळवणार. पडद्यावर एक काटा आहे. लाल म्हणजे अवघड, पिवळा म्हणजे बरं, हिरवा म्हणजे जवळपास नक्की.
सगळ्यात कमी बोली लावली. काटा लाल. पण लालातसुद्धा जरा उजवीकडे.

३० एप्रिल, बुधवार
नीट लिहून ठेवतो, मागाहून गोंधळ नको. ओक-जू येतेय ती २१ मेच्या कोर्टाच्या तारखेसाठी. फेब्रुवारीत चांद्र नववर्षाला आली होती तेव्हा तिनं घटस्फोटाचा अर्ज पुढे केला आणि मी सही केली, कारण कोर्टाच्या खिडकीपाशी मागे रांग होती. रांगेत वाद घालणं बरं दिसत नाही. कायद्यानं विचार करायला तीन महिने दिलेत. आता दोघांनी न्यायाधीशांसमोर होकार द्यायचा. एकानं जरी नकार दिला तरी सगळं बाद.
मी नकार देणार आहे. हे ठरलंय.
पण तिथवर वेळच येणार नाही. नऊ वर्षं ती तिकडे आमच्या मुलीच्या, सॉल-आच्या, शिक्षणासाठी, मी इकडे पगारासाठी. कुटुंब परदेशी ठेवून इकडे एकटे कमावणारे माझ्यासारखे बाप, म्हणजे रानहंस बाप, आमच्या एका मजल्यावर चार आहेत. या नऊ वर्षांत ओक-जूनं दर वेळी मागच्या बाजूला, टॉयलेटशेजारी बसून प्रवास केला. आता अकरा तास आडवी होऊन येईल. आडवं झालं की माणूस विचार करतो. विचार केला की तिला कळेल.
बोली थोडी वाढवली. लालच.

२ मे, शुक्रवार
जेवायला खाली मावशीकडे. तिचं सूप-भाताचं दुकान आहे, तिला सगळे मावशीच म्हणतात. नऊ वर्षं माझं रात्रीचं जेवण तिथेच.
योजना सांगितली. मावशी म्हणाली, अरे प्यो साहेबा, तुला देवानं तोंड दिलंय ना? नाही म्हण आणि घरी ये. तेही जमत नसेल तर कोर्टात जाऊच नकोस, घरी लोळत पड. माझ्या भाचीचा नवरा कोर्टानं दिलेल्या दोन्ही तारखांना गेला नाही, झाला अर्ज रद्द. अजून नांदतायत मेले.
मी शांतपणे समजावलं की गैरहजर राहणं माझ्या तत्त्वात बसत नाही. सव्वीस वर्षांत ऑफिसला एक खाडा नाही.
मावशी म्हणाली, तत्त्व उकळून पी. पण वाडग्यात नेहमीपेक्षा जास्त मांस घातलं होतं.

५ मे, सोमवार. बालदिनाची सुट्टी
खोली साफ केली. एकच खोली आहे, दहा वाजेपर्यंत आटोपलं. दुसरी उशी आणायला गेलो. विक्रेतीनं विचारलं, मॅडमना मऊ लागते की टणक? आठवेना. मध्यम आणली.
आमच्या कंपनीचा सहा जणांचा राइस कुकर कर्मचारी सवलतीत घेतला. ओक-जू राहायला लागली की जुना पुरणार नाही.
दुपारी कंपनीचं (विमानाच्या) मेल. बोली थोडी वाढवलीत तर तुमची संधी सुधारेल. वाढवली. काटा पिवळ्यात. इतक्या पटकन हल्ली माझं म्हणणं कोणाला पटत नाही.

८ मे, गुरुवार. आई-वडील दिन
सॉल-आनं गुलाबी कार्नेशनचं चित्र पाठवलं आणि मग व्हिडिओ कॉल केला. सतरा वर्षांची झाली. कोरियन बोलताना मध्येच अडते, पण अडून गोड हसते. तिला विश्वासात घेऊन अपग्रेडचं सांगितलं. म्हणाली, बाबा, आई बिझनेसमध्ये बसून काय करणार आहे? त्यापेक्षा तिला फोन कर ना.
फोनवर माझा आवाज कोरडा येतो, असं कंपनीच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. ते तिला सांगितलं नाही. आईची झोप कशी आहे ते विचारलं. म्हणाली, चार महिने झाले, धड झोपतच नाही, स्वयंपाकघरात बसून असते.
म्हणजे मुद्दा सिद्धच झाला. बाईला पलंगाची गरज आहे.
बोली वाढवली. पिवळ्याच्या मध्यावर.

११ मे, रविवार
न्यायाधीशांसमोरचं निवेदन लिहून काढलं. गरज पडणार नाही, तरी तयारी असावी. मुद्दे तीन: आजवरचा सहवास, मुलीचं हित, पुढील सुधारणांचा आराखडा. घड्याळ लावून वाचलं, सहा मिनिटं.
संध्याकाळी मावशीला वाचून दाखवलं. दुसऱ्या मुद्द्याला तिचे डोळे मिटले. उठून म्हणाली, हे काय, कुकरचं झाकण उघडत नाही म्हणून कळवतोयस का कोणाला? न्यायाधीश एक प्रश्न विचारणार, त्याला एक शब्द पुरतो.
मावशीला दोष देत नाही. मी राइस कुकरच्या तक्रार विभागात उपप्रमुख आहे, तिथे एका शब्दात उत्तर देणाऱ्याची बढती होत नसते. ग्राहक काहीही म्हणाला तरी आधी होकार, मग तपशील. याच पद्धतीनं मी उपप्रमुखपदापर्यंत पोचलो. (प्रमुखपद पुढच्या वर्षी.)

१४ मे, बुधवार
आता मेल रोज येतं. आज दोनदा आलं. हल्ली मला रोज लिहिणारं दुसरं कोणी नाही, म्हणून उत्तर देऊन पाहिलं. या पत्त्यावर उत्तर देऊ नये, असं परत आलं.
गोल्फचा सेट विकला. मी गोल्फ कधी खेळलो नाही. संचालक खेळतात म्हणून घेतला होता, पण त्यांनी कधी बोलावलं नाही. त्या पैशांत काटा हिरव्याच्या काठावर आला.
ऑफिसच्या कॅलेंडरवर आज लक्षात आलं की २१ मे हा नवरा-बायको दिन आहे. कोर्टानं नेमकी तीच तारीख दिली. यापेक्षा स्पष्ट शुभशकुन काय असतो.

१७ मे, शनिवार. सकाळी ६.३०
बोली मंजूर. अभिनंदन, प्यो ग्वांग-सिक.
आनंद व्हायला हवा होता. झाला असावा. दोनदा हात धुतले आणि शर्टांना इस्त्री केली.
ओक-जूला सांगितलं नाही. विमानतळावर काउंटरवर कळू दे.

१९ मे, सोमवार
पहाटे, निघताना तिचा मेसेज आला होता. सॉल-आचे बाबा, माझी सीट पुढे गेलीय, तुम्ही केलंत का? मी अंगठा उंचावलेल्या अस्वलाचं स्टिकर पाठवलं. आणखी लिहिणार होतो, पण म्हटलं समोरासमोर बोलू. विमानतळ तेवढ्यासाठीच असतो.
आजचा वृत्तांत. विमान उतरल्यापासून ओक-जूला बाहेर यायला एक तास दहा मिनिटं लागतात. नऊ वर्षांचा अनुभव आहे, पाच मिनिटं इकडेतिकडे. त्या हिशोबानं पोचलो. हातात फुलं. गर्दी संपली. विमानाचे कर्मचारीही बॅगा ओढत निघून गेले. आणखी एक तास थांबलो.
बिझनेस क्लासच्या लोकांना आधी सोडतात. त्यांच्या बॅगाही आधी येतात. ओक-जू पंचवीस मिनिटांत बाहेर आली होती.
तिचा मेसेज: बसमध्ये आहे, ताईकडे उतरतेय. तुम्ही घ्यायला येणार होतात का? मी दहा मिनिटं इकडेतिकडे पाहिलं, कोणी दिसलं नाही.
मी लिहिलं की ऑफिसात अडकलोय.
फुलं मावशीच्या दुकानात पाण्याच्या जगमध्ये ठेवली. मावशीनं पाहिलं आणि गिऱ्हाईक आल्यासारखी लगबगीनं आत गेली. दुकानात मी एकटाच होतो.

२० मे, मंगळवार
ओक-जूनं फोन केला नाही. जेट-लॅग असणार. मी केला नाही, तिची झोप मोडायला नको.
निवेदन चार मिनिटांवर आणलं. रात्री जेवल्यावर दोन मिनिटांवर. सुधारणांचा आराखडा काढून टाकला.

२१ मे, बुधवार. दुपारी ३ वाजता
साडेनऊची वेळ होती. मी आठ चाळीसला हजर. बाकांवर जोडपी बसलेली, मध्ये एकेका माणसाची जागा सोडून. वार्षिक आरोग्य तपासणीला असतं तसंच वातावरण, फक्त उपाशीपोटी यायला सांगितलेलं नव्हतं.
ओक-जू वेळेवर आली. चेहरा टवटवीत. नऊ वर्षांत तिला सुजलेल्या डोळ्यांशिवाय पाहिलं नव्हतं. सुंदर दिसते हे विसरलो होतो. तसं सांगावं असं मनात आलं, तेवढ्यात आमचा नंबर आला.
न्यायाधीश आमच्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील. नावं वाचली, ओळखपत्रं पाहिली, मग चष्म्यावरून बघत विचारलं, दोघांचीही घटस्फोटाची इच्छा आहे ना? आवाज अगदी सौम्य.  ओक-जूनं माझ्याकडे पाहिलं. न्यायाधीशांनीही माझ्याकडे पाहिलं.
मी होकार दिला.
मग थोड्या वेळानं तिनंही दिला. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.
झालं असं की मागे नऊ जोडपी खोळंबली होती. शिवाय इतक्या सौम्य आवाजात कोणी विचारलं की तोंडून आधी होकार जातो आणि मग तपशील सांगायचा असतो. तपशिलाची पाळी आलीच नाही. निवेदन खिशात घामानं ओलं झालं.
नंतर तिनंच जेवायला नेलं. गार नूडल्स. वाडग्यात बघत म्हणाली, सॉल-आचे बाबा, सीट फार छान होती हो. चार महिन्यांत पहिल्यांदा आठ तास झोपले. जाग आली तेव्हा इतकं हलकं वाटत होतं. मनात आलं, हा माणूस उद्या-परवा कोर्टात नाही म्हणणार. लग्नाला बावीस वर्षं झाली, तुम्ही मला कधी कशाला नाही म्हणाला नाहीत. जाते म्हटलं तर जा, राहते म्हटलं तर राहा. एकदा, एकदाच नाही म्हणाला असतात तर मी राहिले असते थोडे दिवस. बघितलं असतं.
मी विचारलं, विमानात जेवण कसं होतं?
म्हणाली, चांगलं होतं.
निघताना तिनं कोर्टाचा कागद माझ्याकडे दिला. तो वॉर्ड ऑफिसात दोघांपैकी कोणीही नेऊन दिला की घटस्फोट लागू होतो. तीन महिन्यांत दिला नाही तर कागद बाद आणि लग्न आहे तसंच. म्हणाली, तुमच्याकडेच राहू दे. तीन महिने आहेत. घाई करू नका.
कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला. आजच्या दिवशीसुद्धा तिचा माझ्या कामसूपणावर विश्वास आहे, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

२२ मे, गुरुवार. सकाळी ९.२०
वॉर्ड ऑफिस नऊला उघडतं. माझा टोकन नंबर एक. ९.०४ला कागद जमा. कर्मचारी मुलीनं विचारलं, आजच द्यायचाय ना? म्हटलं, काम तुंबवून ठेवायचा माझा स्वभाव नाही. ती हसली नाही, शिक्का मारला.
ऑफिसला दहा मिनिटं आधीच पोचलो.

२३ मे, शुक्रवार
दुपारी ओक-जूचा विमानतळावरून फोन आला. परत निघाली होती. निघण्यापूर्वी एवढंच विचारायचं होतं, म्हणाली, त्या कागदाचं काही ठरवलंत का?
मी सांगितलं, काल सकाळीच दिला. नऊ वाजून चार मिनिटांनी. टोकन नंबर एक.
 मागे कुठल्यातरी विमानाची घोषणा चालू होती, ती पूर्ण झाली, मग तीच पुन्हा इंग्रजीत झाली. मग तिनं विचारलं, जेवलात का? मी जेवलो म्हटलं. बरं म्हणाली. फोन ठेवला.
तेव्हा कळलं की ते तीन महिने माझ्यासाठी होते.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आधी न कळवता अर्धी रजा टाकली. टॅक्सीनं वॉर्ड ऑफिसला गेलो. टोकन नंबर सत्तेचाळीस.  कालचीच मुलगी होती. विचारलं, तो कागद परत घेता येईल का? मला द्यायचा नव्हता. तिनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, वरिष्ठांना विचारून आली. म्हणाली, सर, नोंद कालच झालीय. आता तुम्ही दोघं पुन्हा लग्न केलंत तरच. तो फॉर्म देऊ का?
त्या फॉर्मवर दोघांच्या सह्या लागतात. विमान तासाभरापूर्वी गेलं होतं.
माझ्या मागे लोक उभे होते. ती म्हणाली, आणखी काही काम होतं का, सर?
मी नाही म्हणालो.