सरावाची बारा पत्रं

प्रिय दादा,

तुझं उत्तर काल मिळालं. दर महिन्याला माझं पत्र येतं, म्हणून आई निर्धास्त आहे म्हणतोस. मी कसली आळशी, तुला ठाऊक आहे. मी एकही पत्र टाकलेलं नाही.

इथे आल्या आल्या भाषेच्या वर्गात बाईंनी सराव म्हणून घरी लिहायची बारा पत्रं लिहून घेतली. आधी आपल्या भाषेत, मग इथल्या. विषय त्यांचेच. तारीख घालू नका म्हणाल्या. तपासायला नेली ती परत आलीच नाहीत. नोंदणीला नेलेले पासपोर्टही नाहीत.

टपाल बाईंच्याच हातात द्यावं लागतं, म्हणून हे गादीखाली ठेवतेय.

बारावं मी अगदी मन लावून लिहिलं होतं, शाबासकीही मिळाली. त्यात लिहिलंय, मी इथेच संसार थाटलाय, मला शोधत येऊ नका.

तुझी,
धाकटी